घाई कुठे, उसंत कुठे

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काम सुरू केल्यापासून एक गोष्ट मला सतत खटकते. ज्या आजारात माणसाने चपलाही न घालता धावत सुटायला हवं, त्यात आमच्याकडची माणसं उजाडायची वाट बघत बसतात. आणि ज्यात शांतपणे विचार करायचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं, प्रसंगी काहीच करायचं नाही, त्यात मात्र "उद्याच करून टाका" म्हणून हटून बसतात.

मी कोल्हापुरात न्यूरो-इंटरव्हेन्शन करते. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत घालायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती मेंदूपर्यंत न्यायची आणि कवटी न उघडता आतूनच काय ती दुरुस्ती करायची, असं हे काम. सासरच्या मंडळींनी त्याचं नाव "मेंदूची अँजिओप्लास्टी" ठेवलंय. ते तितकंसं बरोबर नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आधी थोडी रचना सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या चारच. मानेच्या पुढच्या बाजूने दोन कॅरोटिड चढतात, आणि मागे मणक्यांच्या भोकांमधून दोन व्हर्टिब्रल. कवटीच्या तळाशी या चौघी एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ साली आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, आणि त्या ग्रंथासाठी चित्रं काढून दिली ती ख्रिस्तोफर रेनने. पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल उभारणारा तोच हा रेन. चित्रात हे कडं छान पुरं दिसतं. प्रत्यक्षात अनेकांमध्ये त्यातला एखादा दुवा दोऱ्याएवढा बारीक असतो, एखादा नसतोच. म्हणून एकाच जागी अडकलेली रक्ताची एकसारखी गुठळी एका माणसाचा फक्त हात जड करते आणि दुसऱ्याला बेशुद्ध करते. दुसऱ्या वाटेने थोडंफार रक्त येतं की नाही, यावर सगळं अवलंबून. नातेवाईक विचारतात, "शेजारच्यांना तर दोन दिवसांत घरी सोडलं, मग आमच्याच वडिलांना एवढं कसं?" त्याचं खरं उत्तर पुष्कळदा या कड्यात असतं.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. प्राणवायू मात्र तो वीस टक्के खातो. आणि शिल्लक काही ठेवत नाही. यकृतात साखरेचा साठा असतो, अंगावर चरबी असते. मेंदूचं सगळं रोजच्या रोज, किंबहुना क्षणाक्षणाला. मोठी धमनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने २००६ मध्ये मांडला. तो सरासरीचा आकडा आहे. तुमचा-माझा वेग त्याहून कमी किंवा जास्त असू शकतो, आणि तो पुन्हा त्या कड्यावर ठरतो.

कणकवलीच्या बाजूचे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले, ती केस मी नवीन मुलांना शिकवताना अजून सांगते. रात्री जेवताना त्यांच्या हातातून घास पडला. बोलणं अडखळलं. बायकोने पाहिलं तर तोंड एका बाजूला. "म्हटलंय, पित्त आसतला," असं त्या मला नंतर सांगत होत्या. आल्याचा रस दिला, पाठीला तेल लावलं, झोपवलं. पहाटे उजवी बाजू पूर्ण लुळी. मग वाडीतली चार माणसं जमली. "अंगावरून वारं गेलं" यावर एकमत झालं आणि उपायांवर मतभेद सुरू झाले. एकाला लकव्यावर औषध देणारा माहीत होता, एकाने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. हे मी थट्टेने लिहीत नाही. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या या आजारावर डॉक्टरकडे काहीच नव्हतं, तिथे माणसं काहीतरी करत राहणारच. १९९५ मध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन उपयोगी पडतं हे सिद्ध होईपर्यंत आम्ही तरी काय करत होतो? सलाइन, ॲस्पिरिन आणि व्यायाम.

शेवटी मुंबईहून मुलाचा फोन आला आणि गाडी निघाली. तालुक्याला सीटी झाला, तिथल्या डॉक्टरांनी ताबडतोब पुढे पाठवलं, आणि गाडी घाट चढून आमच्याकडे पोचली तेव्हा दुपार व्हायला आली होती. इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. ती रात्रीच टळून गेली होती. काही वर्षांपूर्वी मी हात जोडून एवढंच सांगितलं असतं की उशीर झाला. पण २०१८ पासून चित्र थोडं बदललंय. मेंदूचा कोणता भाग मेलाय आणि कोणता भाग नुसता उपाशी आहे, हे वेगळं दाखवणारा स्कॅन करता येतो. उपाशी भाग मोठा आणि मेलेला लहान असेल, तर निवडक रुग्णांमध्ये चोवीस तासांपर्यंत गुठळी ओढून काढण्यात फायदा असतो. गुरुजींचं कडं भक्कम होतं. डाव्या बाजूची मोठी धमनी, मिडल सेरेब्रल, मुळाशीच बंद; पण शेजारून झिरपणाऱ्या रक्तावर अर्धा मेंदू तग धरून होता.

कॅथलॅबमध्ये शिशाचा ॲप्रन चढवून मी उभी राहिले की बाहेरचा आवाज थांबतो, पण आत शांतता नसते. भूल देणारे डॉक्टर बीपीचे आकडे सांगत असतात, टेक्निशियन मोजमापं वाचत असतो, सिस्टर प्रत्येक नळी खारट पाण्याने धुऊन देत असते. ते धुणं ही साधी गोष्ट नव्हे. नळीत राहिलेला हवेचा बुडबुडा मेंदूत गेला तर तोच नवा अडथळा. उजव्या जांघेत धमनी टोचायची, शीथ बसवायचा, लांब कॅथेटर महाधमनीच्या कमानीपर्यंत न्यायचा. म्हाताऱ्या माणसात, त्यातही जुनं बीपी असेल तर, ही कमान लांबून वाकडीतिकडी झालेली असते. लोकांना वाटतं अवघड काम वर मेंदूत असतं. पुष्कळदा घाम फुटतो तो इथे, छातीत, वर चढायच्या वळणावर. गुरुजींच्या बाबतीत तसंच झालं; एका कॅथेटरने जमेना, दुसऱ्या आकाराचा मागवला.

एकदा मानेत शिरलं की आत आणखी बारीक नळी, तिच्या आत ०.३६ मिलीमीटर जाडीची तार. गुठळी अडलेल्या जागेच्या पुढे पडद्यावर काहीच दिसत नाही, कारण रंगद्रव्य पुढे जातच नाही. तार तिथून न दिसणाऱ्या वाटेने पुढे घालायची असते. ही एवढीशी पायरी मला अजूनही पूर्ण सवयीची झालेली नाही, आणि होऊही नये. तार पलीकडे गेली की बारीक नळीतून जाळीचा स्टेंट गुठळीच्या आरपार उघडायचा, काही मिनिटं थांबायचं, म्हणजे गुठळी जाळीत रुतते. मग सक्शन लावून सगळं एकदम, पण हळूहळू, मागे ओढायचं. पहिल्या खेपेला थोडी आली. दुसऱ्या खेपेला तांदळाच्या दाण्याएवढा काळपट-लाल तुकडा जाळीत अडकून बाहेर आला, आणि पडद्यावर त्या बाजूच्या सगळ्या फांद्या भरल्या.

अशा वेळी खोलीत जो आनंद होतो तो खराच असतो. पण "आधी" आणि "नंतर" असे दोन फोटो शेजारी लावून लोक पाठवत असतात ना, त्यांचा मला थोडा राग आहे. फोटो धमनीचा असतो, माणसाचा नसतो. धमनी उत्तम उघडली आणि माणूस उठलाच नाही, असंही होतं, कारण वाहिनी उघडेपर्यंत पलीकडचं मरून गेलेलं असतं. गुरुजी तिसऱ्या दिवशी काठी धरून उभे राहिले. उजव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत. बोलतात, पण नावं सापडत नाहीत. नातीला बायकोच्या नावाने हाक मारतात. आमच्या नोंदीत हा निकाल चांगला धरला जातो. ते रात्रीच निघाले असते तर कदाचित नावंही सापडली असती.

या उपचाराच्या इतिहासात धावायचं कुठे आणि थांबायचं कुठे याचा धडा फार सरळ लिहिलेला आहे. २०१३ मध्ये एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात एकाच वेळी तीन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. तिन्हींचं म्हणणं एक: गुठळी आतून काढण्यात इंजेक्शनपेक्षा जादा फायदा नाही. आमच्या विषयातल्या अनेकांना वाटलं, संपलं आपलं दुकान. दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, नेदरलँड्सच्या अभ्यासापासून सुरुवात होऊन लागोपाठ पाच अभ्यासांनी नेमकं उलट दाखवलं. फायदा इतका की दर अडीच-तीन रुग्णांमागे एकाचं अपंगत्व किमान एक पायरी कमी होतं. वैद्यकात असे उपचार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मधल्या काळात असं काय झालं? जाळीची नवी साधनं आली, हे एक. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. आधीच्या अभ्यासांत कितीतरी रुग्णांची मोठी धमनी खरंच बंद आहे का, हे आत शिरण्यापूर्वी बघितलंच नव्हतं, आणि सुरुवात करायलाही उशीर झाला होता. हीच प्रक्रिया योग्य माणसात, वेळेत केली तेव्हा गुण आला.

आता उलटी बाजू. कागलच्या एक बाई ओपीडीत आल्या, हातात एमआरआयचं पाकीट. वर्षानुवर्षांची अर्धशिशी, कुणीतरी एमआरआय सांगितला, आणि त्यात निघाला चार मिलीमीटरचा अन्युरिझम. धमनीच्या भिंतीवर आलेला बारीक फुगवटा. रिपोर्ट ज्या केंद्रातून आला तिथल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की डोक्यात बॉम्ब आहे. बाईंना रात्रंदिवस झोप नव्हती.

"मॅडम, उद्याच करून टाका. गावाकडचं अर्धा एकर विकायला काढलंय."

"विकू नका. आधी बसा."

"कधीपण फुटतोय म्हणं. शिंकायला भ्या वाटतंय."

"काकू, दर शंभर माणसांत तिघांच्या डोक्यात असा एखादा असतो. या ओपीडीच्या रांगेतही असेल एखाद्याकडे. बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही."

त्यांचा विश्वास बसेना. माझं नाव ऐकून आल्या होत्या आणि मीच करायचं नाही म्हणत होते. मग नवरा, मुलगा, जावई सगळ्यांना बोलावून पडद्यावर दाखवलं. फुगवटा पुढच्या भागात, सात मिलीमीटरपेक्षा लहान, कडा गुळगुळीत, घरात कुणाला असा रक्तस्राव झालेला नाही. असा फुगवटा फुटण्याची शक्यता वर्षाला एक टक्क्याहूनही कमी. आम्ही आत जाऊन तो बंद करायचा म्हटलं तर त्या एका दिवसातला धोका त्याहून जास्त. तेव्हा बीपी सांभाळायचं, घरातली विडी बंद करायची, मिसरीही सोडायची, आणि ठरल्या वेळी पुन्हा फोटो काढायचा. वाढला किंवा आकार बदलला तर मी स्वतः फोन करून बोलावीन. हे सगळं सांगायला मला जितका वेळ लागला तितक्यात एखादा साधा फुगवटा आत तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, घालून बंदही झाला असता. आणि न केल्याची पावती कुणी फाडत नाही, हेही खरं. दवाखान्याच्या हिशेबात त्या दुपारी तपासणीची एक फी जमा झाली, बस्स.

मोठा असेल, मागच्या बाजूला असेल, आकार ओबडधोबड असेल, किंवा घरात दोघांना झालेला असेल, तर गणित बदलतं. मग मीच आग्रह धरते. आणि फुटलेल्या अन्युरिझमला तर थांबणं माहीतच नाही. तिथे पुन्हा आमचे लोक नेमके उलटे वागतात. डोकं आयुष्यात कधी दुखलं नाही असं, एका क्षणात, कुणी मागून घण घातल्यासारखं दुखतं. उलटी होते, मान आखडते. एक तरुण दुकानदार असाच दुखणं घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे गेला, दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, बरं वाटलं, दोन दिवस गल्ल्यावर बसला. तिसऱ्या दिवशी दुकानातच कोसळला. पहिला स्राव हा पुष्कळदा इशारा असतो. दुसऱ्यात माणूस हाती लागेलच असं नाही. त्या पहिल्या दुखण्यात सहा तासांच्या आत सीटी झाला असता तर रक्त दिसलं असतं, जवळजवळ नक्की.

त्याच्या फुगवट्यात आम्ही प्लॅटिनमचे कॉइल भरले. ही कल्पना इटालियन गुइडो गुग्लिएल्मी यांची. १९९० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी ती पहिल्यांदा माणसात वापरली. केसाहून बारीक तारेची वेटोळी नळीतून फुगवट्यात सोडायची, नीट बसली असं वाटलं की किंचित वीजप्रवाह देऊन तार वेगळी करायची. नाही बसली तर परत ओढून घ्यायची. परत ओढता येणं हेच त्यातलं मोठं शहाणपण. त्यापूर्वी मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेंको यांनी सुटणारे फुगे वापरले होते, १९७४ मध्ये ते जगाला कळलं. लाल चौकातल्या मे दिनाच्या फुग्यांवरून त्यांना ते सुचलं असं सांगतात. आणि या सगळ्याच्या मुळाशी लिस्बनचे एगाश मोनिझ, ज्यांनी १९२७ मध्ये मानेतल्या धमनीत रंगद्रव्य सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या वाहिन्यांचा पहिला एक्स-रे मिळवला. नोबेल त्यांना मिळालं ते मात्र १९४९ मध्ये, मनोरुग्णांच्या मेंदूचे धागे कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जी आज कुणी करत नाही. ज्या शोधावर आम्ही रोज भाकरी खातो त्याला काही मिळालं नाही. असो.

कॉइल बसले की नातेवाईक विचारतात, "ऑपरेशन चांगलं झालं ना? मग आयसीयूत का ठेवलंय?" कारण चौथ्या दिवसापासून साधारण चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या धमन्या सांडलेल्या रक्ताच्या संपर्कामुळे आक्रसतात. स्राव थांबलेला, फुगवटा बंद, माणूस हसतोय-बोलतोय, आणि नवव्या दिवशी पाय उचलत नाही. म्हणून निमोडिपिनच्या गोळ्या दर चार तासांनी, एकवीस दिवस. रात्री दोनची आणि सकाळी सहाची गोळी चुकली नाही याचं श्रेय ज्या सिस्टर घेतात, त्यांचं नाव कुठल्याच केस रिपोर्टमध्ये येत नाही. तो दुकानदार वाचला. गल्ल्यावर बसतो. डोकं दुखलं की अजून मला फोन करतो, आणि मी दरवेळी घेते.

आता ती अँजिओप्लास्टीची गोष्ट. मेंदूच्या आतली एखादी धमनी चरबी साठून अरुंद झालेली दिसते. आपल्याकडच्या, एकूणच आशियातल्या लोकांमध्ये हे प्रमाण बऱ्यापैकी आहे. घरातल्या कुणाच्या तरी हृदयात स्टेंट असतोच. "तिथं घालतात तसाच इथं घाला की, डॉक्टर." वरकरणी बरोबर वाटतं. पण मेंदूतल्या धमन्यांच्या भिंती पातळ, बाहेरून आधार नाही, पाण्यात तरंगणाऱ्या. आणि त्यांच्या अंगातून निघणाऱ्या सुईएवढ्या फांद्या थेट मेंदूच्या गाभ्यात जातात. जाळी दाबून बसवताना चरबीचा थर सरकून एखाद्या फांदीचं तोंड बुजलं की अर्धांग गेलं. २०११ मध्ये अमेरिकेत हे तपासणारा अभ्यास मध्येच थांबवावा लागला: स्टेंट घातलेल्यांपैकी १४.७ टक्के लोकांना महिन्याभरात पुन्हा झटका किंवा मृत्यू आला, आणि नुसत्या गोळ्या, बीपी-साखर-कोलेस्टेरॉलची कडक शिस्त पाळणाऱ्यांमध्ये ५.८ टक्के. त्यानंतर मी चिठ्ठी लिहून देते, लोक नाराज होतात. एवढ्या लांब येऊन गोळ्याच? तेवढ्या पैशात शेजारणीच्या दिराला दोन स्टेंट घातले! गोळ्यांनी सगळं भागलं नाही, झटके येतच राहिले, तर फार थोड्यांमध्ये आम्ही आत जातो. पण ती पहिली पायरी नव्हे.

रक्तस्राव झाला की "रक्त काढून टाका" ही मागणी ठरलेली. बीपीने फुटणाऱ्या वाहिन्या पुष्कळदा मेंदूच्या खोल गाभ्यात असतात. तिथवर पोचण्यासाठी चांगला मेंदू कापत जावं लागतं, आणि त्यातून सर्वसाधारणपणे फायदा होत नाही असं २००५ मधल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवलं. अलीकडे वरच्या थरातल्या ठरावीक स्रावांसाठी बारीक नळीतून रक्त काढण्याचा उपयोग दिसू लागलाय, तो भाग वेगळा. लहान मेंदूतला मोठा स्राव मात्र अपवाद. तिथे न्यूरोसर्जनला मी रात्री झोपेतून उठवते. बाकीच्यांमध्ये पहिल्या काही तासांत बीपी खाली आणणं हाच खरा उपचार, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो उपचार वाटतच नाही. या रुग्णांच्या घरी विचारलं तर बहुतेक वेळा बीपीची गोळी होती, पण बंद केलेली. "बरं वाटत होतं म्हणून." दिवसाला काही रुपयांची गोळी.

बाळंतिणींचं एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरा गोठण्याचा एक आजार आहे, आणि आपल्या देशात तो प्रसूतीनंतरच्या दिवसांत दिसतो. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी त्यावर बरंच काम केलं आहे. बंद खोली, खाटेखाली शेगडी, आणि "पाणी जास्त पिऊ नकोस, पोट सुटेल" असं सांगणारी माणसं. मुलगी डोकं दुखतंय म्हणते, घरचे म्हणतात जागरण. मग फिट येते, आणि सगळे अंगात आल्याची चर्चा करतात. हा आजार ओळखला तर पुष्कळ मुली पूर्ण बऱ्या होतात. गंमत म्हणजे स्कॅनमध्ये रक्त दिसत असतानाही आम्ही रक्त पातळ करणारं हेपॅरिन सुरू करतो, कारण मूळ दोष पुढे तुंबलेल्या शिरेत आहे. हे पटवताना माझा निम्मा दिवस जातो. एका सासूबाईंनी मला सरळ विचारलं होतं, "तुम्ही नीट शिकून आलाय न्हवं?" सून बारा दिवसांनी बाळ घेऊन चालत गेली, तेव्हा त्यांनीच पेढे आणले.

सर्वांत जास्त फसवणारा झटका तो, जो येतो आणि जातो. दहा मिनिटं हात लुळा पडला, जीभ जड झाली, मग सगळं पूर्ववत. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. माझ्या दृष्टीने हा माणूस पूर्ण झटका आलेल्याइतकाच तातडीचा, कारण मोठा झटका यायचा तर त्याची सर्वाधिक शक्यता पुढच्या दोन दिवसांत असते, आणि माणूस आत्ताच दवाखान्यात आला तर तो झटका टाळण्यासाठी बरंच काही करता येतं: मानेतली धमनी बघता येते, हृदयाचे अनियमित ठोके सापडतात, योग्य गोळ्या त्याच दिवशी सुरू होतात. "आता बरा आहे, सोमवारी दाखवू," असं ज्यांनी ठरवलं, त्यांतले काही सोमवारी स्ट्रेचरवरून येतात.

उपचार संपतो तिथे घरच्यांचं काम सुरू होतं, आणि ते माझ्या कामापेक्षा लांब आणि कंटाळवाणं असतं. महात्मा फुल्यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. तेव्हा ना स्कॅन होता ना फिजिओथेरपी. त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरं केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, ते गेल्यानंतर. आज आमच्याकडे येणाऱ्या गरीब रुग्णाच्या हातात ज्या जन आरोग्य योजनेचं कार्ड असतं तिला त्यांचंच नाव आहे. व्यायामाला कंटाळलेल्या पेशंटला मी हे सांगते. काहींना हुरूप येतो. एकाने मात्र म्हटलं, "ते महात्मा होते हो, मी एसटीत कंडक्टर." आणि मग दुसऱ्या दिवशी तोही डाव्या हाताने सही गिरवायला बसला.

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती. चेहरा वाकडा, हात खाली पडतोय, बोलणं बिघडलंय, एकदम तोल गेला किंवा दिसेनासं झालं, यांतलं काहीही दिसलं तर आधी घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ कागदावर लिहा. आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो आणि दहांतल्या आठ घरांत त्याचं उत्तर नसतं. तोंडात पाणी, गोळी, आल्याचा रस काही घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. घरात ॲस्पिरिन असलं तरी देऊ नका. स्राव आहे की गुठळी, हे सीटीशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. १०८ ला फोन करा, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि निघा. आणि हे घडायच्या आधी, आज दुपारीच, आपल्या गावाहून चोवीस तास सीटी आणि गुठळीचं इंजेक्शन देणारं जवळचं रुग्णालय कोणतं हे फोन करून विचारून ठेवा. नंबर लिहून फ्रीजवर चिकटवा.